दातांच्या डॉक्टरची मूठ

९ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ७.१०
निर्णय झाला आहे. पंचिंग बॅग घ्यायची.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे यशाचा इतिहास लिहिताना शोधाशोध नको. काल निवृत्त मुख्याध्यापकांची खालची दाढ काढायला घेतली. पन्नास मिनिटं. शेवटी एक पाय खुर्चीच्या पायरीवर रोवून ओढली. वरचा अर्धा भाग पकडीत आला, मुळं जागच्या जागी. घाम दोघांनाही. जाताना गालात कापूस धरून म्हणाले, डॉक्टर, तुमचा हात पूर्वी हलका होता. चाळीस वर्षं पोरांना छड्या मारलेला माणूस मला हाताचं वजन सांगतो.

तरी शांतपणे विचार केला. निदान: मनगटात जोर नाही. वय सत्तेचाळीस, वीस वर्षं दोन इंचांच्या भोकात काम. जोर येणार कुठून?

धाकट्या बहिणीला फोन केला. तीही दातांचीच डॉक्टर, पण जुळी झाली तेव्हा, नऊ वर्षांपूर्वी, काम सोडलं. म्हणाली, दादा, दात जोराने निघत नाही, दिशेने निघतो. पुस्तकातलं वाक्य आहे. घरी बसलं की पुस्तकं पाठ राहतात.

११ फेब्रुवारी, संध्याकाळ
बॅग आली. तीस किलो. क्लिनिकच्या मागच्या खोलीत, हत्यारं उकळायचं मशीन आणि कवळ्यांच्या साच्यांचं कपाट यांच्या मधोमध टांगली. इलेक्ट्रिशियनने हुक ठोकला आणि हळूच विचारलं, साहेब, पेशंटला बांधायला का?

दुकानदाराने हाताला गुंडाळायच्या पट्ट्या फुकट दिल्या, प्रत्येकी साडेचार मीटर. वर ग्लोव्हज घ्याच म्हणून मागे लागला. म्हटलं, बाबा रे, दिवसाचे आठ तास ग्लोव्हजच घालतो. निदान मारताना तरी हात मोकळा राहू दे. पट्ट्या रिसेप्शनवरच्या बाईंना दिल्या. सोळा वर्षं माझ्याकडे आहेत, कशाचंही काहीतरी करतात. संध्याकाळपर्यंत त्यांनी वेटिंग रूममधल्या खुर्चीचा फाटका हात त्यात गुंडाळून टाकला होता.

मार्गदर्शनपर व्हिडिओ पाहिला. पहिली नऊ मिनिटं नुसतं हात बांधणं. तेवढा भाग सोडून पुढे गेलो.

१२ फेब्रुवारी, दुपारी १.४०
पहिलं सत्र. बारा मिनिटं. दोन्ही हातांच्या मधल्या पेरांवरची कातडी गेली. उत्तम. आता खालून जाड येईल.

एक गोष्ट लक्षात आली नव्हती. मागच्या खोलीची भिंत आणि वेटिंग रूमची भिंत एकच. बाई म्हणाल्या, दोन पेशंट लवकर येऊन बसले होते. आतून धप्प, मग तुमचं हुंऽऽ, मग पुन्हा धप्प. त्यातल्या एका जाड्या बाईंनी विचारलं, आत कोणाचा दात काढतायत? मग त्यांना घरी गॅस चालू राहिल्याचं आठवलं. दुसरे गृहस्थ म्हणाले, माझी ठणक थांबली, आणि निघाले.

हात न लावता ठणक थांबली. हे दुसऱ्या कुठल्या क्लिनिकमध्ये होतं का?

१५ फेब्रुवारी
बायकोने पेरं पाहिली. म्हटलं, ड्रॉवरमध्ये सापडली. म्हणाली, दोन्ही हातांची? एकाच ड्रॉवरमध्ये? आणि मीठ वाढून गेली. बायकांना प्रगती बघवत नाही.

मुख्याध्यापकांचा फोन. उरलेल्या मुळांचं काय? सांगितलं, सूज उतरू दे. माझ्या मनगटाला अजून दहा दिवस हवेत, हे त्यांना सांगून कळलं नसतं.

१८ फेब्रुवारी, दुपारी २
आज बाजूने मारायचा ठोसा. व्हिडिओतला माणूस तो सहज मारतो. मी मारला तेव्हा बॅग आधीच्या ठोशाने मागे जाऊन परत येत होती. आम्ही अर्ध्यावर भेटलो.

आवाज: कट्.

हा आवाज मी ओळखतो. दाढेचं मूळ तुटलं की असा येतो. पण तो नेहमी दुसऱ्याच्या अंगातून आलेला आहे.

१८ फेब्रुवारी, संध्याकाळी ५ (डाव्या हाताने लिहितोय)
उजवी करंगळी आणि तिच्या खालचा भाग वांग्याएवढा. रंगही तोच. दुपारचे तीन पेशंट परत पाठवले. कारण: सामानाची मोजदाद.

बाहेर कशाला दाखवायचं? एक्स-रे मशीन स्वतःचं आहे. फक्त दातांचं असल्यामुळे फिल्म पोस्टाच्या तिकिटापेक्षा जरा मोठी. सात फिल्म काढल्या आणि उजेडावर शेजारी शेजारी लावून हात जुळवला. कुठेही फ्रॅक्चर नाही. निदान: स्नायूला मुका मार.

बाई मागून बघत होत्या. म्हणाल्या, डॉक्टर, चार नंबर आणि पाच नंबरच्या मध्ये थोडी जागा सुटली आहे. म्हटलं, बाई, एक्स-रे वाचायला मी पाच वर्षं शिकलोय. जिथे फिल्मच नाही तिथलं हाड मोडतं कसं?

१९ फेब्रुवारी
हाताला आधार हवा. बाजारू पट्टे मला पसंत नाहीत. कवळीच्या हिरड्या ज्याच्या करतो ते गुलाबी ॲक्रिलिक कालवलं आणि करंगळीपासून मनगटापर्यंत थापलं. घट्ट होताना ते तापतं. आजवर ते पेशंटच्या तोंडात तापत असे. त्यांच्याबद्दल आदर वाटला.

दिसायला सुबक. बाई म्हणाल्या, हाताला हिरड्या फुटल्यासारखं वाटतंय. दात कधी येणार?

२१ फेब्रुवारी
गुलाबी हाताने आरसासुद्धा धरता येत नाही. पेशंट आठवडाभर लांबवलेत. त्यातले किती समोरच्या चौकातल्या नव्या, काचेच्या टाकीत मासे ठेवलेल्या क्लिनिकमध्ये जातील, कोण सांगणार.

धाकटीला फोन. म्हटलं, तुझा हात पुन्हा वळावा म्हणून आठ दिवस माझी खुर्ची वापरायला देतो. ती म्हणाली, तुझ्या हाताला काय झालं? म्हटलं, कामाचा ताण. मग म्हणाली, दादा, मला खरंच नऊ वर्षं झाली, जमेल का रे? म्हटलं, मी मागे उभा असेन.

२४ फेब्रुवारी
धाकटीचा पहिला दिवस. मी मागे उभा राहून सूचना दिल्या. अकरा सूचना. बाराव्या सूचनेला तिने मास्क खाली केला आणि म्हणाली, दादा, एक कर ना, बाहेर चहा सांग. चहा सांगून आलो तर दार आतून लावलेलं.

साडेबाराला मुख्याध्यापक. उरलेली मुळं. दाराबाहेर घड्याळ लावून बसलो. अकरा मिनिटं. आत कोणाचाही आवाज नाही, घाम नाही, पाय कुठे रोवल्याची खूण नाही. बाहेर येऊन ते माझ्याकडे न बघता तिला म्हणाले, बाई, हात हलका आहे तुमचा.

असणारच. मी पन्नास मिनिटं सैल करून ठेवली होती.

२७ फेब्रुवारी
बायको हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. म्हणजे गाडीत बसवलं आणि कुठे जातोय ते दारात पोचल्यावर सांगितलं. वसतिगृहापासूनचा मित्र आहे, शिवाय माझा पेशंट. हिरड्यांतून रक्त येतं त्याच्या, फ्लॉस करतो म्हणून दहा वर्षं थापा मारतो.

गुलाबी आवरण कापायला त्याला करवत लागली. त्याला विचारलं, मटेरियल चांगलं आहे ना? त्याने तुकडे कचऱ्याच्या डब्यात टाकले. मग खरा एक्स-रे. अख्खा हात एका फिल्मवर, वर्तमानपत्राएवढी. करंगळीखालचं हाड मोडलेलं. नेमकं कुठे? माझी सात फिल्मची जुळवाजुळव बायकोने पर्समध्ये घालून आणली होती. चार आणि पाचच्या मध्ये.

त्याने त्या सात फिल्मचा मोबाइलवर फोटो काढला. विद्यार्थ्यांना दाखवायला, म्हणाला. माझ्या कामाची शैक्षणिक दखल घेतली गेली, हे पहिल्यांदाच.

मग गंभीर झाला. नऊ दिवस हाड वाकडं बसलं आहे. आता ओढून सरळ केलं आणि चार आठवडे प्लास्टर घातलं, तरी करंगळी फिरलेली राहू शकते. तसं झालं तर ऑपरेशन. पकडीची एक दांडी तू करंगळीने उघडतोस ना? म्हटलं, हो. म्हणाला, मग जपून. पुढचं सगळं त्या करंगळीवर आहे.

लागलं कशाने, हे त्याने विचारलं तेव्हा मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, ड्रॉवर. मागच्या खोलीत टांगलाय.

तर तिला माहीत आहे.

४ मार्च
विश्रांती म्हणजे उजव्या हाताची. डाव्याबद्दल डॉक्टर काही बोलला नाही. डावा तसाही दुबळाच आहे, त्याला ही संधी पुन्हा मिळणार नाही. आजपासून रोज पाच मिनिटं.

दुसऱ्याच मिनिटाला धाकटी मास्क लावलेली दारात. डोळेच दिसत होते, ते पुरे होते. म्हणाली, दादा, आत माझ्या खुर्चीवर माणूस आहे आणि त्याच्या दातात सुई आहे. तू ठोसा मारलास की तो उडतो.

"माझ्या खुर्चीवर" म्हणाली. लिहून ठेवतो.

९ मार्च, रविवार (प्लास्टरबाहेरच्या अंगठ्यात पेन)
डावं मनगट मुरगळलं. जास्त लिहवत नाही.

१० मार्च
शर्टाची बटणं बायको लावते. एक वर, एक खाली लावून मोकळी होते. बोलायची सोय नाही.

दातही तिनेच घासून दिले. वीस वर्षं अख्ख्या गावाला गोल गोल घासायला शिकवलं, ही आडवी घासते, फरशीसारखी. सांगायला तोंड उघडलं. ब्रश आणखी आत गेला.

१४ मार्च
हजेरी लावायला क्लिनिकमध्ये गेलो. वेटिंग रूम भरलेली. त्या गॅस आठवलेल्या जाड्या बाईसुद्धा, सोबत नवरा आणि सासू. मला बघून सरकल्या आणि म्हणाल्या, बसा ना, तुमचा नंबर कितवा?

खुर्चीचा कोन धाकटीने बदलला आहे. दिवाही थोडा डावीकडे. विचारलं तर म्हणते, पेशंटच्या डोळ्यावर येत होता. माझ्या एकाही पेशंटने वीस वर्षांत तक्रार केली नाही. बाई म्हणाल्या, तोंडात हात असताना कशी करतील?

२७ मार्च
प्लास्टर निघालं. हात माझाच आहे, पण कोणीतरी धुऊन वाळत घातल्यासारखा.

मूठ वळवून दाखवायला सांगितलं. चार बोटं सरळ आली. करंगळी शेजारणीच्या अंगावर पाय टाकून झोपली. मित्राने ती उचलून जागेवर ठेवली, ती परत चढली. मग एक रबरी बॉल दिला. दिवसातून चार वेळा, प्रत्येक वेळी पंचवीसदा दाबायचा. कुठलंही हत्यार धरायचं नाही. बॅगचं नाव काढायचं नाही. सहा आठवड्यांत करंगळी घरी परतली तर ठीक.

बॉल मुलांच्या खेळण्यातला वाटतो. मी सर्जन आहे.

३० मार्च, रविवार
क्लिनिक बंद. बॅगला टॉवेल गुंडाळून एकच हलका ठोसा मारून पाहिला. शास्त्रीय चाचणी.

परत सूज. टॉवेल पातळ होता.

३ एप्रिल
तपासणी. मित्राने हातात एक यंत्र दिलं, दाबलं की आकडा दाखवतं. गेल्या आठवड्यापेक्षा कमी. विचारलं, व्यायाम करतोस? म्हटलं, रोज. चार वेळा? म्हटलं, कधी पाच. म्हणाला, बॉल दाखव. दाखवला. त्याने तो टेबलावर ठेवला आणि दोघंही त्याच्याकडे बघत बसलो. प्लास्टिकचं वेष्टन अजून तसंच होतं.

पेशंट खुर्चीत बसला की मी ओठ बाजूला करतो आणि मला एका क्षणात कळतं. ते मात्र छताकडे बघत म्हणतात, रोज घासतो डॉक्टर, दोन वेळा. आज मीसुद्धा छताकडे बघितलं. त्याच्या छताला ओल आहे.

त्याने आवाज चढवला नाही. म्हणाला, ऐक, आणखी एक ठोसा मारलास तर ऑपरेशन. आणि त्यानंतर तू पकड धरशील याची हमी मी देणार नाही. तू ठरव, तुला मारायचंय की काम करायचंय.

त्याने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

५ एप्रिल
धाकटीने सांगितलं: दादा, सोमवारी चौदा तारखेपासून मी येत नाही. चौकातल्या क्लिनिकने बोलावलं आहे. रोज सकाळी, कायमचं. तू आठ दिवस म्हणाला होतास, सात आठवडे होतील.

मासेवाल्याकडे. तिला म्हटलं, जा की, खुशाल जा, मी तर तुझ्या सोयीसाठी थांबलो होतो. तिने डबा आवरला आणि गेली. जाताना झाकण विसरली.

९ एप्रिल, दुपारी १२
पुनरागमन. बाईंना सांगून सोपा पेशंट निवडला, हलणारा पुढचा दात, फुंकर मारली तरी पडावा असा. ग्लोव्हज चढवले. पकड उचलली. करंगळी दोन दांड्यांच्या मध्ये घालायची. वीस वर्षं ती आपोआप जाते, कधी सांगावं लागलं नाही. आज ती शेजारणीवर चढून बसली आणि उतरेना. पकड सुटली आणि पेशंटच्या छातीवर पडली.

त्याने ती उचलून, दांडी माझ्याकडे करून परत दिली. चांगल्या घरचा मुलगा आहे.

पुन्हा घेतली. पुन्हा पडली. तिसऱ्यांदा त्याने परत दिली नाही, घट्ट धरून ठेवली.

धाकटी दारात उभी होती. मीच म्हणालो, जरा फोन घेऊन येतो. फोन आलेला नव्हता.

११ एप्रिल
अपॉइंटमेंटची वही बघितली. बारा तारखेपर्यंत गच्च. चौदापासून पांढरी. बाईंना म्हटलं, हे काय? म्हणाल्या, फोन येतात हो, विचारतात ताई असतील का. नाही म्हटलं की म्हणतात, मग नंतर बघू. बाईंनी वही बंद केली, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, डॉक्टर, माझंही वय झालंय. मीही नंतर बघेन म्हणते.

घरी बायकोला सांगितलं. म्हणाली, तिला थांब म्हण. दोन अक्षरं आहेत. म्हटलं, प्रश्न अक्षरांचा नाही, तत्त्वाचा आहे. म्हणाली, तत्त्व कोणत्या हाताने धरणार आहेस?

बॉलचं वेष्टन काढलं. पंचवीसदा दाबला. सोपं नाही.

१३ एप्रिल, रविवार, सकाळी ११
धाकटीच्या घरी. जुळी पोरं अंगावर चढली, मामा हात दाखव, मामा मूठ दाखव. दाखवली. खूप हसली दोघं.

भाषण तयार होतं. चौकातल्या क्लिनिकचं भविष्य, घराण्याचं नाव, तिचा अनुभव अजून कच्चा, मार्गदर्शनाची गरज. निम्म्यावर आलो तेव्हा ती शांतपणे म्हणाली, दादा, तू मला थांब म्हणतोयस की थांबायची परवानगी देतोयस?

ती सात वर्षांची असताना सायकल शिकवताना मी तिला न सांगता मागून हात सोडला होता. पुढे गेली आणि पडली. तेव्हासुद्धा माझ्याकडे अशीच बघत होती.

म्हटलं, थांब.

आणखी? म्हणाली.

म्हटलं, माझ्याने काम होत नाहीये. कदाचित होणारही नाही. सगळे तुलाच विचारतात. थांब.

मग तिने अटी घातल्या. बॅग जाणार. पाटीवर तिचंही नाव. आणि दादा, तू माझ्या मागे उभा राहायचं नाहीस. विचारलं, मग कुठे उभा राहू? म्हणाली, बघते.

एकंदरीत वाटाघाटी समाधानकारक.

१६ एप्रिल, दुपारी ४.३०
धाकटीने जागा शोधली. खुर्चीच्या बाजूला एक गोल स्टूल. काम: घाबरलेल्या पेशंटचा हात धरणं. त्यामुळे ते शांत राहतात, म्हणाली, आणि तुझ्या हातालाही हालचाल होईल. वरिष्ठ सल्लागाराचं काम आहे. फक्त सल्ला द्यायचा नाही.

आज पहिला पेशंट ट्रकचा ड्रायव्हर, दोन माणसांएवढा, सुई बघूनच पांढराफटक. त्याला म्हटलं, भाऊ, घाबरू नका, माझा हात धरा आणि दुखलं की दाबा. त्याने धरला. उजवा. सांगायला वेळच मिळाला नाही.

सुई त्याला कळली नाही. दाढ निघाली तेव्हाही तो गप्प होता, एकाग्रतेने माझी करंगळी दाबत होता. किंकाळी ऐकून बाई बाहेरून धावत आल्या.

ओरडलो तो मी. त्याने तोंडातल्या कापसासकट माझ्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाला, झालं डॉक्टर, झालं, आता नाही दुखणार.